हाडासाठी जाळीदार सिरॅमिक: पहिला स्कॅफोल्ड करणाऱ्यांसाठी

कुपवाडच्या एमआयडीसीत फाउंड्रीत साचे भरताना पाहिलंत, तर वितळलेलं लोखंड आत जाण्याच्या वाटेत बसवलेली एक जाळीदार चौकोनी वडी दिसेल. लोखंड तिच्यातून पुढे जातं, घाण अडकून राहते. ही वडी सिरॅमिकची असते. ती करायची पद्धत अशी: स्पंज सिरॅमिकच्या पातळ घोळात बुडवायचा, पिळायचा, सुकवायचा आणि भट्टीत घालायचा. स्पंज जळून जातो, त्याच्या जाळीवर बसलेलं सिरॅमिक तेवढं उरतं. श्वार्ट्झवाल्डर आणि सॉमर्स यांच्या नावावर या पद्धतीचं १९६३ चं अमेरिकी पेटंट आहे. त्या घोळात सिलिकॉन कार्बाइडऐवजी हाडातलं खनिज घातलं की फाउंड्रीच्या वडीतून हाडाच्या स्कॅफोल्डकडे, म्हणजे हाड वाढण्यासाठीच्या जाळीदार आधाराकडे, जाणारा रस्ता सुरू होतो.

एमएस्सी किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय घेणारी मुलं माझ्याकडे येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न पावडरीचा असतो: किती शुद्ध, कुठून आणायची, किती नॅनो. काम अडतं मात्र दुसऱ्याच ठिकाणी. म्हणून हा लेख लिहिताना मी प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट तपासणार आहे: आतली वाट उघडी राहिली का?

मांडव कशासाठी

अपघातात किंवा गाठ काढल्यावर हाडात मोठी पोकळी राहिली, तर ती आपोआप भरत नाही. मिरजेच्या कुठल्याही अस्थिरोग विभागात विचारा, अशा वेळी रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवतात. उपाय चांगला आहे, पण तुकडा मिळतो बेताचाच आणि जिथून काढला तिथे वेगळं दुखणं सुरू होतं. स्कॅफोल्ड म्हणजे तिथे उभा केलेला मांडव. तासगावात द्राक्षाचा वेल मांडवाच्या तारांवर चढतो, तशा हाडाच्या पेशी आणि रक्तवाहिन्या या जाळीवरून आत शिरतात. फरक एवढाच, की इथे वेल धरला की मांडवाने हळूहळू विरघळून जाणं अपेक्षित आहे.

वेल आत शिरायचा तर तारांमध्ये जागा हवी. पेशींना आत जायला छिद्रं किमान १०० मायक्रॉनची लागतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). रक्तवाहिन्या नीट वाढायच्या तर ३०० मायक्रॉनच्या वरची बरी. शिवाय एका छिद्रातून दुसऱ्यात जायचं दार निदान ५० मायक्रॉनचं तरी हवं. या दाराकडे नवखे लक्षच देत नाहीत. थर्माकोल घ्या. तो जवळजवळ सगळा हवाच असतो, पण त्यातून पाण्याचा थेंब पलीकडे जात नाही, कारण प्रत्येक फुगा बंद असतो. भांडी घासायच्या स्पंजातून मात्र पाणी आरपार जातं. अनारशाला जाळी पडते म्हणजे काय, हे ज्याने घरी पाहिलंय त्याला हा फरक समजवावा लागत नाही. सच्छिद्रता ८० टक्के आहे असं अहवालात लिहिणं सोपं असतं, पण ते ८० टक्के थर्माकोलसारखे निघाले तर हाडाला त्यांचा काही उपयोग नाही.

कोणतं सिरॅमिक

यात फार दिवस घालवू नका. तीन नावं पुरेशी आहेत. हायड्रॉक्सिअपॅटाइट हाडातल्या खनिजाच्या सर्वांत जवळचं आहे. त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण १.६७ असतं आणि ते शरीरात अतिशय सावकाश विरघळतं. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमध्ये हेच प्रमाण १.५, आणि ते बरंच लवकर विरघळतं. तिसरी बायोग्लास, लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये फ्लोरिडात शोधलेली काच. ती हाडाला चिकटते, पण तापवताना स्फटिक होऊन बसते आणि पहिल्याच प्रयत्नात सांभाळायला अवघड जाते. प्रत्यक्ष वापरात पहिल्या दोघांचं मिश्रण बऱ्याचदा घेतात. शिकण्यासाठी मात्र निव्वळ हायड्रॉक्सिअपॅटाइट घ्या. भट्टीत ते पुष्कळ चुका सोसतं. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट ११२५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की रूप बदलू लागतं, त्यामुळे तिथे हात फार जपून चालवावा लागतो.

पावडर: अंड्याच्या टरफलापासून

पावडर विकत मिळते आणि पैसे असतील तर विकतच घ्या. पण स्वतः केली तर रसायन हाताला कळतं, आणि कच्चा माल अंडाबुर्जीच्या गाड्यावर फुकट मिळतो.

टरफलात सुमारे ९४ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं. टरफलं उकळून आतला पापुद्रा सोलून काढा, धुऊन वाळवा आणि ९०० अंशांवर दोन तास भाजा. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना राहतो. भाजलं गेलं की नाही हे तराजू सांगतो: १०० ग्रॅम टरफलांचे ५५ ग्रॅमच्या आसपास उरले पाहिजेत. ७० उरले तर आतला भाग कच्चा आहे, परत घाला. हा चुना बरणीत ठेवून विसरू नका. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल ओढून घेतो आणि मग तुमची सगळी वजनं खोटी ठरतात. भट्टीतून काढला, थंड केला, लगेच तोलला असंच चालायला हवं.

१०० ग्रॅम हायड्रॉक्सिअपॅटाइटसाठी ५६ ग्रॅम कळीचा चुना लागतो, म्हणजे साधारण वीस अंड्यांची टरफलं. तो एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडा थोडा घालून विरवा. पाणी तापतं आणि उडतं, त्यामुळे गॉगल आणि हातमोजे हवेतच. बोअरचं पाणी चालणार नाही, त्यातले क्षार सगळे पावडरीत येऊन बसतात. दुसऱ्या भांड्यात ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल ६९ ग्रॅम घ्या, ते सुमारे ४१ मिलिलिटर भरतं. ते पाण्यात ओतून एकूण ६०० मिलिलिटर करा. आता ढवळत्या चुन्यात हे आम्ल थेंब थेंब सोडायचं, मिनिटाला तीनेक मिलिलिटर. म्हणजे तीन तासांहून जास्त वेळ तिथे उभं राहायचं. घाईने ओतलं तर आम्ल पडलेल्या जागी कॅल्शियम कमी पडतं आणि तापवल्यावर तिथे ट्रायकॅल्शियम फॉस्फेट तयार होतं. पीएच ९ च्या खाली जाऊ देऊ नका, जायला लागलाच तर थोडा अमोनिया घाला. रात्रभर तसंच ठेवा, मग गाळा, धुवा, वाळवा आणि ९०० अंशांवर दोन तास भाजून खलात बारीक करा.

चुना शिल्लक राहिला का, हे पाहायला सांगलीकराने बाजारात जायची गरज नाही, घरातली हळद पुरे. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू याच गुणावर करत आले आहेत. पावडरीची चिमूट थोड्या पाण्यात कालवा आणि हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला टिपकागद त्यात बुडवा. तांबूस झाला तर मोकळा चुना आहे. पक्कं करायला फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब टाका, गुलाबी रंग आला की शंकाच नको. मोकळा चुना राहिलेला स्कॅफोल्ड भट्टीतून सुरेख निघतो आणि आठवडाभरात हवेतली ओल पिऊन फुगतो, तडकतो.

त्यानंतर एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे पावडरीत कोणकोणते स्फटिक आहेत ते सांगणारी चाचणी. तांब्याच्या एक्स-रे नळीवर हायड्रॉक्सिअपॅटाइटचं सर्वांत उंच शिखर ३१.८ अंशांच्या जवळ येतं. ३१.० ला वेगळं शिखर दिसलं तर बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, ३७.४ ला दिसलं तर चुना. टरफलात थोडं मॅग्नेशियम असतं आणि ते ट्रायकॅल्शियम फॉस्फेटला आधार देतं. त्यामुळे ३१ चं छोटं शिखर दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. लिहून मात्र ठेवा.

फोम: इथेच निम्मं काम जिंकतं किंवा हरतं

गादीच्या दुकानातला फोम आणू नका. पॉलियुरेथेनचा फोम फुगून तयार होतो तेव्हा प्रत्येक कप्प्याला काचेच्या तावदानासारखे पातळ पडदे राहतात. गाद्यांच्या फोमात त्यांतले पुष्कळ तसेच असतात. घोळ त्या पडद्यांवर बसला की भट्टीतून पडद्यांसकट सिरॅमिक निघतं आणि वाट बंद. आपल्याला पडदे काढून टाकलेला फोम हवा, त्याला रेटिक्युलेटेड फोम म्हणतात. माशांच्या टाकीच्या फिल्टरमध्ये किंवा मोटारसायकलच्या एअर फिल्टरमध्ये तोच वापरतात, त्यामुळे ॲक्वेरियमच्या दुकानात चौकशी करा. दुकानातच पारखून घ्या: पातळ काप ट्यूबलाइटसमोर धरा, पडदे असतील तर तो चमचमतो. तोंडाला लावून फुंका, हवा अडली तर परत ठेवा.

फोमचा बारीकपणा इंचात किती छिद्रं यावर सांगतात. इंचाला ४५ असेल तर एक कप्पा २५.४ भागिले ४५, म्हणजे जवळपास ०.५६ मिलिमीटर. ६० असेल तर ०.४२. भट्टीत सगळं साधारण पाचव्या हिश्शाने आक्रसतं, शिवाय सिरॅमिकचा थर जागा खातो. हिशेब केलात तर ३०० मायक्रॉन हवे असताना ६० चा फोम काठावर येतो. पहिल्यांदा ४५ घ्या. आक्रसणं धरूनच तुकडे कापा: शेवटी १० मिलिमीटरचा घन हवा असेल तर १२.५ चा कापा. धारदार ब्लेडने कापा, कारण कात्रीने कडा दबतात.

फोमच्या गुळगुळीत तारांवरून घोळ ओघळतो. म्हणून तुकडे सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात काही तास ठेवून, भरपूर धुऊन वाळवतात. तारा खरबरीत होतात आणि थर धरून राहतो.

घोळ

पाण्यात ३ टक्के पीव्हीए (पॉलिव्हिनिल अल्कोहोल, कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ) ८० अंशांवर ढवळून विरघळवा आणि गार होऊ द्या. त्यात एकूण वजनाच्या ४५ टक्के भरेल इतकी भाजलेली पावडर घाला आणि अमोनियम पॉलिॲक्रिलेटचे काही थेंब टाका, म्हणजे कण एकमेकांना चिकटणार नाहीत. बॉल मिलमध्ये, म्हणजे आत गोळ्या घातलेल्या फिरत्या भांड्यात, रात्रभर फिरवा. न भाजलेली पावडर इथे दगा देते. तिचे कण इतके बारीक असतात की ३० टक्क्यांवरच घोळाचा गोळा होतो. पीव्हीएमुळे फेस आला तर ऑक्टेनॉलचा एखादा थेंब तो बसवतो.

घोळ किती दाट हवा, याला यंत्रावरचा आकडा असतो, पण रोजच्या कामात मी मुलांना आंबोळीचं पीठ आठवायला सांगते. पळीच्या पाठीवर बोट ओढलं तर रेघ क्षणभर टिकावी आणि मग कडांनी हळूच मिटावी. भज्यांच्या पिठासारखा झाला तर छिद्रं बुजणार, ताकासारखा राहिला तर तारा उघड्या पडणार.

बुडवणं आणि पिळणं

हे हातांनी शिकायचं काम आहे. तुकडा घोळाच्या आत दाबा, आतच सोडा, फुगू द्या. आत हवा आहे तोवर बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत तीन-चार वेळा असंच करा. मग तो बाहेर काढून दोन काचपट्ट्यांमध्ये त्याच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत दाबा. नंतर ९० अंशांत फिरवून दुसऱ्या बाजूने दाबा. एकाच दिशेने पिळलेल्या तुकड्यात घोळ कडांना साचतो आणि मधोमध तारा उपाशी राहतात.

आता तुकडा दिव्यासमोर धरा. काळे ठिपके दिसतील तिथे दारं बुजलेली आहेत. हातपंपाने किंवा कॉम्प्रेसरच्या अगदी हलक्या झोताने, वीतभर अंतरावरून, सगळ्या बाजूंनी हवा मारा. प्रकाश एकसारखा जाळीतून आला पाहिजे. ज्या तुकड्यातून तो येत नाही तो परत धुऊन घ्या. भट्टीत गेल्यावर त्यात काही सुधारणा होत नाही.

मग जाळीवर ठेवून झाकणाखाली सुकवा. एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या उन्हात, पंख्याखाली ठेवलेले तुकडे दोन तासांत वाळतात आणि तारांना केसाएवढ्या भेगा पडतात. त्यांना एक पूर्ण दिवस द्या. वाळल्यावर पातळ घोळात पुन्हा एकदा बुडवून झटकले तर त्या भेगा भरतात आणि ताकद वाढते.

भट्टी

पहिल्या वर्षी मी स्वतः दर मिनिटाला ५ अंशांनी भट्टी चढवली, कारण काम एका दिवसात संपवायचं होतं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर अल्युमिनाच्या प्लेटवर बारा तुकड्यांच्या जागी पांढऱ्या चुऱ्याचे बारा ढीग होते. महिन्याभराचं काम गेलं, त्याचं फार वाईट वाटलं. कारण नंतर समजलं. फोम सुमारे २५० ते ४०० अंशांत विघटित होतो. त्याआधी तो सिरॅमिकच्या थरापेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि मग त्यातून वायू सुटतात. चढण उभी असेल तर हे वायू थर फोडून बाहेर पडतात. चढण मंद असेल तर थरातल्या सूक्ष्म फटींतून निघून जातात.

म्हणून ६०० अंशांपर्यंत मिनिटाला १ अंश, तिथे एक तास थांबा. पुढे मिनिटाला ३ अंशांनी १२५० पर्यंत, तिथे दोन तास. हिशेब केलात तर सोळा तास होतात. दुपारी चारला लावलेली भट्टी सकाळी आठला वरची पायरी संपवते आणि दिवसभर आपोआप थंड होते. दार संध्याकाळपर्यंत उघडू नका.

जाळणं आणि भाजणं एकाच फेरीत करा. ६०० अंशांवर फोम आणि पीव्हीए दोन्ही गेलेले असतात आणि कण अजून एकमेकांना जुळलेले नसतात. त्या क्षणी तुकडा स्वतःचं वजनच कसंबसं पेलतो. भट्टी बंद करून तो दुसरीकडे हलवायचा विचारही नको. त्यामुळे रात्री वीज जाणार नाही ना, हे आधी पाहा. जनरेटर नसेल तर देखभालीसाठी वीज बंद असते तो वार टाळा. तापायला कॅन्थलची तार असलेली साधी भट्टी बऱ्याचदा १२५० पर्यंत जात नाही, तेव्हा सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्यांची घ्या. १३५० च्या पुढे मात्र जाऊ नका, तिथे हायड्रॉक्सिअपॅटाइट स्वतःच फुटू लागतं. प्लेटवर त्याच पावडरीचा पातळ थर पसरून त्यावर तुकडे ठेवा, म्हणजे आक्रसताना ते सरकतील आणि चिकटणार नाहीत.

पॉलियुरेथेनच्या धुरात हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असतात. एक्झॉस्ट नसलेल्या खोलीत हे काम एकदाही करू नका. खिडकी उघडी आहे, एवढ्याने भागत नाही.

काय तयार झालं ते मोजणं

सच्छिद्रतेचा पहिला आकडा तराजू आणि व्हर्नियर देतात. समजा १० मिलिमीटरचा घन ०.६ ग्रॅम भरला. घनता ०.६. भरीव हायड्रॉक्सिअपॅटाइटची ३.१६. ०.६ भागिले ३.१६ म्हणजे ०.१९, तेवढंच सिरॅमिक. उरलेली ८१ टक्के पोकळी. आपल्या हाडाचा आतला स्पंजी भाग ५० ते ९० टक्के पोकळ असतो, म्हणजे आपण त्या पट्ट्यात आहोत.

त्यातली जोडलेली किती, हे वेगळं पाहायचं. शाई घातलेल्या पाण्याचा थेंब वरच्या बाजूवर सोडा, खाली टिपकागद ठेवा. डाग लगेच आणि पसरट उमटला तर वाटा उघड्या आहेत. मग एक तुकडा मधोमध तोडून आत रंग न पोचलेले पांढरे ठिपके शोधा. तुकडा न तोडता आतलं दाखवणारं मायक्रो-सीटी स्कॅन मिळालं तर उत्तम, पण शाई तुम्हाला त्याच दुपारी उत्तर देते.

ताकद पाहून मुलं खट्टू होतात. स्पंजी हाडाची दाब सोसण्याची ताकद २ ते १२ मेगापास्कल, आणि आपला तुकडा बहुतेक वेळा १ च्या आतच तुटतो. १ मेगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर साधारण १० किलो. कारण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं: फोमची तार जळून गेलेल्या जागी प्रत्येक सिरॅमिक तार आतून पोकळ, तिकोनी नळीसारखी राहते. या पद्धतीची ही मर्यादाच आहे. भार पेलणाऱ्या मांडीच्या हाडासाठी असला तुकडा नाही, पोकळी भरण्यासाठी आहे. अहवालात हे स्पष्ट लिहा. चाचणीला कॉलेजातलं सिमेंटचे ठोकळे फोडायचं यंत्र वापरू नका, त्याला आपला तुकडा जाणवणारही नाही. छोट्या लोडसेलचं, म्हणजे थोडा भारही मोजू शकणारं, हवं.

रक्तद्रवासारख्या द्रावणात

कोकुबो यांनी मांडलेलं सिम्युलेटेड बॉडी फ्लुइड हे रक्तातल्या पाण्याइतकेच क्षार असलेलं द्रावण आहे. स्कॅफोल्ड त्यात ३६.५ अंशांवर ठेवला आणि अंगावर अपॅटाइटचे नवे कण उगवले, तर हाडाला चिकटण्याचं ते एक चिन्ह मानतात. त्याचा पीएच ७.४० च हवा. क्षार ठरलेल्या क्रमानेच घालायचे: आधी मीठ, मग सोडियम बायकार्बोनेट, पोटॅशियम क्लोराइड, फॉस्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड, मग थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि त्यानंतरच कॅल्शियम क्लोराइड. आम्लाआधी कॅल्शियम घातलं तर भांड्यातच गढूळ होतं. गढूळ झालेलं द्रावण ओतून द्या, गाळून वापरू नका. भांडं प्लॅस्टिकचं घ्या, काचेच्या ओरखड्यांवर कण जमायला लागतात. ७, १४ आणि २१ दिवसांनी नमुने काढा. तुकडा जाळीदार असल्याने वरून दिसतो त्यापेक्षा त्याचं पृष्ठफळ कितीतरी जास्त असतं, द्रावणही त्या मानाने भरपूर घ्या. या चाचणीचं पारडं फार जड धरू नका. कण उगवले म्हणजे पेशी जगतील, असं ती सांगत नाही.

पेशींकडे जाताना

पुढचं काम पेशीशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं आहे. एमजी-६३ सारख्या हाडाच्या पेशी पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधून मिळवतात. तिथपर्यंत पोचायच्या आधी पावडरीतले जड धातू तपासून घ्या. रोपणासाठीच्या हायड्रॉक्सिअपॅटाइटमध्ये शिसं १० लाख भागांत ३० च्या वर चालत नाही. प्राण्यांवरचा कोणताही प्रयोग संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या लेखी परवानगीशिवाय होत नाही. आणि कॉलेजात केलेला तुकडा माणसाच्या शरीरात, कितीही ओळखीचे डॉक्टर असले तरी, जात नाही.

नमुने डिस्टिल्ड वॉटरमध्ये अल्ट्रासॉनिकने धुऊन वाळवा, म्हणजे जाळीत अडकलेला चुरा निघेल. निर्जंतुक करताना हायड्रॉक्सिअपॅटाइटला ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांच्या वाफेने काही होत नाही. पेशी घालण्याआधी तुकडे एक रात्र पेशींच्याच पोषक द्रावणात भिजवायला सांगा. कोरडं सिरॅमिक द्रावणातलं कॅल्शियम आणि प्रथिनं ओढून घेतं, आणि मग पेशी भुकेने मेल्या तरी दोष आपल्या स्कॅफोल्डवर येतो. प्रत्येक प्रकारचे निदान पाच-सहा तुकडे द्या, डबीवर फोमचा आकडा, भट्टीची तारीख आणि वरचं तापमान लिहा. आणि तुकडे कापसात गुंडाळून पाठवू नका. कापसाचे तंतू जाळीच्या दारांत अडकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब पेशींच्या लांब शेपट्यांसारखे दिसतात. स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइल घ्या.